पानाची सीमा : जाहिरात-अवरोधन आणि वाचकाचा अधिकार

तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाला ‘संहिता कोठे संपते?’ हा प्रश्न नवीन नाही. पोथीच्या समासातील टीप, अखेरची लेखनिकाची पुष्पिका, छापील ग्रंथाचे मुखपृष्ठ, नियतकालिकातील जाहिरात अशा अनेक घटकांच्या संदर्भात तो वेळोवेळी उपस्थित झाला आहे. फ्रेंच समीक्षक झेरार झनेत यांनी १९८७ साली ‘उंबरठे’ अशा अर्थाचे शीर्षक असलेल्या ग्रंथात या सीमावर्ती घटकांची सविस्तर मीमांसा केली. मजकुराभोवतीचा हा परिसर, म्हणजेच परिसंहिता, वाचनाची दिशा ठरवतो, हे त्यानंतर सर्वमान्य झाले. तथापि झनेत यांच्या विवेचनात एक गोष्ट गृहीत होती. उंबरठा कसा असावा, हे लेखक व प्रकाशक ठरवतात; वाचक तो केवळ ओलांडतो.

संगणकाच्या पडद्यावरील पानाने हे गृहीतक मोडीत काढले आहे. येथे वाचकाचा ब्राउझर (काही मराठी लेखक त्याला ‘न्याहाळक’ म्हणतात) पानाचा काही भाग वाचकापर्यंत पोहोचूच देत नाही, आणि संकेतस्थळे त्याला नाना प्रकारे उत्तर देतात. हा संघर्ष सामान्यतः तंत्रज्ञानाचा किंवा व्यवसायाचा मानला जातो. तो मूलतः संहितेच्या सीमेविषयीचा संघर्ष आहे, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

१. कुंभकोणम् आणि जाहिरातीचे पान

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील मराठी हस्तलिखितांच्या कामानिमित्त प्रस्तुत लेखकाचा मुक्काम काही काळ कुंभकोणम् येथे होता. या गावाचा आमच्या विषयाशी असलेला संबंध वरवर पाहता ध्यानात येत नाही. कुंभकोणम्‌नजीकच्या इन्नंबूर या खेड्यात १८५९ साली एस. कस्तुरी रंगा अय्यंगार यांचा जन्म झाला. १८७८ मध्ये मद्रासेत सुरू झालेले ‘द हिंदू’ हे पत्र त्यांनी १९०५ मध्ये विकत घेतले. या पत्राच्या पहिल्या पानावर १९५८ पर्यंत मुख्यतः जाहिरातीच असत. बातमी वाचायची, तर वाचकाला ते पान उलटावे लागे. लंडनच्या ‘द टाइम्स’ने तर आपल्या पहिल्या पानावर बातम्या आणल्या त्या १९६६ साली. जाहिरात उंबरठ्यावर आणि मजकूर आत, ही मांडणी त्या काळी कोणालाही खटकत नव्हती. जाहिरात कोठे आहे हे वाचकाला ठाऊक होते, आणि पान उलटण्याचा त्याचा अधिकार कोणी हिरावून घेतलेला नव्हता.

याच परिसरातील आणखी दोन उदाहरणे येथे उपयुक्त ठरतील. तत्कालीन तंजावर जिल्ह्यातील तिरुत्तुरैप्पूंडी येथे जन्मलेले एस. एस. वासन हे मूळचे जाहिरात-व्यावसायिक. त्यांनी १९२८ मध्ये ‘आनंद विकटन’ हे मासिक विकत घेतले आणि ते तमिळमधील अत्यंत लोकप्रिय नियतकालिकांपैकी एक झाले. याउलट १९३३ मध्ये निघालेल्या ‘मणिक्कोडि’ने आधुनिक तमिळ कथेला घडवले. न. पिच्चमूर्ती आणि कु. प. राजगोपालन हे कुंभकोणम्‌चे दोन लेखक त्या लेखकवर्तुळातले. वाङ्मयीन इतिहासातील त्याचे स्थान निर्विवाद असले, तरी एक दशकभरही ते टिकले नाही. मराठीतील साठोत्तरी लघुनियतकालिकांचा अनुभव याहून वेगळा नाही. जाहिरातीविना निघणारे पान वाङ्मयाला मोकळीक देते, परंतु अल्पायुषी ठरते. जाहिरातीचा तिरस्कार करण्यापूर्वी हे वास्तव लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

२. पडद्यावरील पान कसे जुळते

छापील पान वाचकाच्या हाती येते तेव्हा ते पूर्ण झालेले असते. पडद्यावरील पान तसे नसते. वाचकाने एखादा पत्ता उघडला की संकेतस्थळाच्या सर्व्हरकडून प्रथम येतो तो एक आराखडा. अमुक मजकूर येथे मांडावा, अमुक चित्र तमुक पत्त्यावरून आणावे, अमुक आज्ञावली चालवावी, अशा सूचनांचा तो संच असतो. त्या सूचना पाळून ब्राउझर निरनिराळ्या सर्व्हरांकडे मागण्या पाठवतो आणि आलेल्या तुकड्यांतून पान जुळवतो. खिळे जुळवण्याचे काम छापखान्यात न होता वाचकाच्या घरी होते, असे म्हणावयास हरकत नाही.

जाहिराती बहुधा संकेतस्थळाच्या स्वतःच्या सर्व्हरवर नसतातच. त्यांची जागा पानावर मोकळी ठेवलेली असते. वाचक आला की त्या जागेचा लिलाव पुकारला जातो. वाचक कोणत्या गावचा, यापूर्वी त्याने काय पाहिले, त्याचे वय व आवड काय असावी, याविषयीची माहिती बोली लावणाऱ्यांपुढे ठेवली जाते, आणि सेकंदाच्या अंशात जागा विकली जाते. १९९४ च्या ऑक्टोबरात ‘हॉटवायर्ड’ या अमेरिकी संकेतस्थळावर महाजालावरील आरंभीची पट्टी-जाहिरात झळकली, तेव्हा ती सर्वांना सारखीच दिसत होती. आज एकाच पानाच्या दोन वाचकांना दोन निराळ्या जाहिराती दिसतात. तात्पर्य, पूर्वी जाहिरात पाहिली जात असे. आता जाहिरातही वाचकाला पाहते.

३. अवरोधनाच्या रीती

पान वाचकाच्या यंत्रावर जुळत असल्यामुळेच त्यात हस्तक्षेप करणे शक्य होते. या हस्तक्षेपाच्या प्रमुख रीती तीन आहेत.

पहिली रीत मागणी रोखण्याची. ब्राउझर एखाद्या पत्त्यावर मागणी पाठवण्यापूर्वी तो पत्ता नियमांच्या यादीशी ताडून पाहिला जातो. जुळणारा नियम सापडला की मागणी पाठवलीच जात नाही. जाहिरात आली आणि झाकली असे होत नाही; ती येतच नाही. त्यामुळे पान लवकर उघडते आणि त्या मार्गाने होणारी पाळतही टळते. दुसरी रीत लपवण्याची. जाहिरात संकेतस्थळाच्या स्वतःच्याच सर्व्हरवरून मजकुराबरोबर आली, तर ती रोखता येत नाही. अशा वेळी पानाच्या रचनेतील तिच्या चौकटीचे नाव ओळखून ती चौकट अदृश्य केली जाते. तिसरी रीत बदलीची. काही पाने जाहिरातीची आज्ञावली न चालल्यास मजकूरही दाखवीत नाहीत. तेथे मूळ आज्ञावलीच्या जागी तिच्यासारखीच भासणारी, पण काहीही न करणारी आज्ञावली बसवली जाते.

या तिन्ही रीतींत एक गोष्ट समान आहे. यंत्र जाहिरात वाचीत नाही. त्याला अर्थ कळत नाही. पत्ते आणि नावे तेवढी कळतात. याचा एक अनुभव प्रस्तुत लेखकास कुंभकोणम् येथेच आला. एका मराठी वाङ्मयीन नियतकालिकाच्या संकेतस्थळावर दिवंगत कवीवरील विशेष विभाग होता. लेख दिसत होते. कवीच्या हस्ताक्षरातील पानांची छायाचित्रे मात्र कोठेच दिसेनात. पाठचिकित्सेच्या दृष्टीने खरे मोल त्या पानांचेच होते. संपादकांनी ती काढून टाकली असावीत, असे समजून लेखकाने नाराजीचे पत्रही लिहिले. पुढे उलगडा झाला तो असा : ‘आदरांजली’ या विभागाची चित्रे ज्या कप्प्यात होती, त्याचे नाव रोमन लिपीत ‘ए’ आणि ‘डी’ या दोनच अक्षरांचे होते. इंग्रजीत जाहिरातीचे लघुरूपही तेच. लेखकाच्याच ब्राउझरातील एका ढोबळ नियमाने आदरांजलीला जाहिरात ठरवले होते. संपादकांची क्षमा मागावी लागली हे तर झालेच. पण एका भाषेच्या संक्षेपावर बेतलेला नियम दुसऱ्या भाषेच्या संहितेला छेद देऊ शकतो, हा धडाही मिळाला.

४. याद्या आणि त्यांचे कर्ते

मग हे नियम लिहितो कोण? २००२ साली हेन्रिक आस्तेद सोरेन्सेन या डॅनिश विद्यार्थ्याने ‘अ‍ॅडब्लॉक’ ही पुरवणी आज्ञावली लिहिली. व्लादिमिर पालांट यांच्या ‘अ‍ॅडब्लॉक प्लस’ने २००६ पासून तिला व्यापक रूप दिले, तर रेमंड हिल यांनी २०१४ मध्ये ‘यूब्लॉक’ आणि पुढे ‘यूब्लॉक ओरिजिन’ ही अधिक काटेकोर साधने सिद्ध केली. या सर्वांचा प्राण म्हणजे नियमांच्या याद्या. त्यांपैकी सर्वाधिक वापरली जाणारी ‘ईझीलिस्ट’ स्वयंसेवकांच्या श्रमांवर चालते. तिच्या जोडीला भाषानिहाय पुरवण्या आहेत. फ्रेंच, जर्मन यांसारख्या भाषांना स्वतंत्र याद्या मिळाल्या आहेत. मराठीसह अनेक भारतीय भाषांतील संकेतस्थळांसाठी मात्र ‘इंडियनलिस्ट’ नावाची एक सामाईक यादी आहे. ‘भारतीय साहित्य एक की अनेक’ या आपल्या जुन्या वादाचे हे अनपेक्षित रूप म्हणावे लागेल.

यादी म्हणजे संपादनच. काय मजकूर आणि काय उपद्रव, याचा निर्णय तीत केलेला असतो. हा निर्णय किती मोलाचा आहे, हे २०११ मध्ये स्पष्ट झाले. ‘अ‍ॅडब्लॉक प्लस’ने त्या वर्षी ‘स्वीकारार्ह जाहिराती’ची योजना आणली. विशिष्ट निकष पाळणाऱ्या, वाचनात व्यत्यय न आणणाऱ्या जाहिरातींना वाट मोकळी ठेवायची, आणि मोठ्या कंपन्यांकडून त्याबद्दल शुल्क घ्यायचे, असे तिचे स्वरूप होते. समर्थकांच्या मते हा प्रकाशक व वाचक यांच्यातील समझोता होता. टीकाकारांनी मात्र विचारले, की वेशीवरचा रखवालदार जकातदार कधी झाला?

५. संकेतस्थळांची उत्तरे

प्रकाशकांची उत्तरे क्रमाक्रमाने विकसित झाली. पहिले उत्तर ओळखण्याचे. पानात एक रिकामी चौकट मुद्दाम ठेवली जाते आणि तिला जाहिरातीसारखे नाव दिले जाते. ती नाहीशी झाली, तर वाचकाकडे अवरोधक आहे हे सिद्ध होते. यानंतर विनंती किंवा मज्जाव. अमेरिकेतील ‘फोर्ब्स’ने २०१५ च्या अखेरीस आणि ‘वायर्ड’ने २०१६ मध्ये अवरोधक वापरणाऱ्यांना मजकूर नाकारण्यास आरंभ केला. २०२३ मध्ये यूट्यूबने हाच मार्ग जगभर अवलंबिला.

दुसरे उत्तर वेषांतराचे. २०१६ च्या ऑगस्टमध्ये फेसबुकने आपल्या जाहिरातींची रचना अशी बदलली, की त्या आणि मित्रांचा मजकूर यांत यंत्राला फरक करता येऊ नये. यादीकर्त्यांनी काही दिवसांतच त्यावर तोड काढली, फेसबुकने पुन्हा रचना बदलली, आणि हा खेळ चालूच राहिला. काही ठिकाणी परक्या सर्व्हरला संकेतस्थळाच्याच नावाचा मुखवटा चढवला जातो, तर चित्रफितींच्या बाबतीत जाहिरात मूळ फितीतच शिवून पाठवली जाते.

तिसरे उत्तर न्यायालयाचे, आणि आपल्या दृष्टीने ते विशेष उद्बोधक आहे. जर्मनीतील अक्सेल श्प्रिंगर या प्रकाशनसंस्थेने ‘अ‍ॅडब्लॉक प्लस’च्या कंपनीविरुद्ध दावा लावला. अवरोधन ही अनुचित स्पर्धा नव्हे, असा निर्णय जर्मन संघीय न्यायालयाने २०१८ च्या एप्रिलमध्ये दिला. त्यानंतरच्या दुसऱ्या दाव्यात युक्तिवाद वेगळा होता : पानाची आज्ञावली ही स्वामित्वहक्काने संरक्षित कृती आहे, वाचकाच्या यंत्रात तिचे रूप पालटणे म्हणजे त्या कृतीत विनापरवाना फेरफार करणे होय. हँबुर्गच्या न्यायालयांनी हा युक्तिवाद फेटाळला होता. ३१ जुलै २०२५ रोजी संघीय न्यायालयाने तो निर्णय अंशतः रद्द करून प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवले. पानाचे अंतिम रूप प्रकाशकाच्या मालकीचे, की ते जुळवणाऱ्या वाचकाच्या अखत्यारीतले, हा संहिताशास्त्राचा प्रश्न अशा रीतीने न्यायासनापुढे गेला आहे. वाचकाचा अधिकार नाकारायचा, तर समासात खूण करणाऱ्या किंवा नको असलेले पान न वाचता उलटणाऱ्या वाचकाचे काय करायचे, हेही कधीतरी सांगावे लागेल.

चौथे उत्तर वर्गणीचे. ‘द हिंदू’ व ‘विकटन’ यांनी आपल्या मजकुराचा काही भाग वर्गणीदारांसाठी राखला आहे. प्रामाणिकपणाच्या दृष्टीने हे उत्तर सर्वांत स्वच्छ असले, तरी ते परवडते नाममुद्रा असलेल्या मोठ्या संस्थांना. भारतीय भाषांतील पानांना जाहिरातीचा दर इंग्रजीच्या मानाने सामान्यतः कमी मिळतो, आणि लहान वाङ्मयीन संकेतस्थळाला वर्गणीदार मिळणे त्याहून कठीण. परिणामी अवरोधकाचा घाव बलाढ्य जाहिरातसंस्थांपेक्षा अशा पानांना अधिक खोल लागतो. ‘मणिक्कोडि’चा प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो.

६. जुळारी कोणाचा?

आतापर्यंतच्या विवेचनात ब्राउझर हा वाचकाचा प्रतिनिधी मानला आहे. परंतु त्याची निष्ठाही तपासून पाहिली पाहिजे. गूगलचे उत्पन्न मुख्यतः जाहिरातींवर अवलंबून आहे, आणि क्रोम हा ब्राउझरही गूगलचाच. फार त्रासदायक जाहिराती असलेल्या संकेतस्थळांवर क्रोमनेच २०१८ पासून काही देशांत आणि २०१९ पासून जगभर अवरोधन सुरू केले. म्हणजे कोणती जाहिरात असह्य, हे ठरवण्यात जाहिरातदाराच्याच ब्राउझरचा हात राहिला. पुढे क्रोमने पुरवणी आज्ञावल्यांचे नियम बदलले. पूर्वी अवरोधक प्रत्येक मागणी स्वतः पाहून निर्णय घेई. नव्या पद्धतीत त्याने नियमांची यादी आधीच ब्राउझरच्या स्वाधीन करायची, आणि निवाडा ब्राउझरने करायचा. मुद्रितशोधकाने प्रत्येक ओळ वाचण्याऐवजी खिळेजुळाऱ्याकडे शुद्धिपत्र देऊन निघून जावे, तसा हा प्रकार. नियमांच्या संख्येवरही मर्यादा आली. सुरक्षितता आणि वेग ही कारणे गूगलने दिली, आणि ती सर्वस्वी निराधार नाहीत. तथापि ‘यूब्लॉक ओरिजिन’ मूळ स्वरूपात २०२५ पासून क्रोमवर चालेनासे झाले, ही वस्तुस्थिती आहे. फायरफॉक्सने जुनी पद्धत चालू ठेवली आहे, आणि ब्रेव्हसारख्या ब्राउझरांनी अवरोधन अंगभूतच केले आहे.

७. ‘उला’ : एक तुलना

तमिळनाडूतील झोहो या कंपनीने २०२३ मध्ये एक ब्राउझर प्रसिद्ध केला. जाहिराती व पाळत रोखण्याची सोय त्यात अंगभूत आहे. केंद्र सरकारच्या भारतीय ब्राउझर-निर्मिती स्पर्धेत २०२५ मध्ये त्याला प्रथम क्रमांक मिळाला. अर्थात, त्याचा पाया गूगलने सुरू केलेल्या क्रोमियम या मुक्तस्रोत प्रकल्पाचाच आहे, हेही नमूद केले पाहिजे. त्याचे नाव ‘उला’.

‘उला’ म्हणजे भ्रमण, फेरी. कुंभकोणम्‌च्या रस्त्यांवरून उत्सवमूर्तींची मिरवणूक निघते, तिलाही ‘उला’च म्हणतात. आणि ‘उला’ हा तमिळमधील एक प्रतिष्ठित काव्यप्रकारही आहे. बाराव्या शतकातील ओट्टक्कूत्तर या कवीचे तीन चोळ राजांवरील ‘मूवर् उला’ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. त्या तिघांपैकी दुसऱ्या राजराजाने बांधलेले ऐरावतेश्वर मंदिर कुंभकोणम्‌लगतच्या दारासुरम् येथे आजही उभे आहे. या काव्यात नायक नगरातून फेरीला निघतो आणि त्याला पाहणाऱ्या स्त्रिया मोहित होतात. त्या स्त्रियांचे वर्णन पेदैपासून पेरिळम्पेण्‌पर्यंत सात वयोगटांत विभागून येते. प्रत्येक वयाची नजर निराळी, प्रत्येकीची ओढ निराळी.

प्रेक्षकाची वयोगटांत विभागणी करून प्रत्येक गटाच्या इच्छेचा अदमास घेणे, ही क्रिया आजच्या जाहिरात-लिलावातही घडते. साम्य येथेच संपते. काव्यात फिरणारा पाहिला जातो आणि पाहणाऱ्यांचे वर्गीकरण होते. महाजालावर फिरणारा वाचकच पाहिला जातो आणि वर्गीकरणही त्याचेच होते. शिवाय चोळ नायकाला आपण मिरवणुकीत आहोत हे ठाऊक असते. वाचकाला ते ठाऊक नसते. अवरोधनाचा सर्वांत सबळ नैतिक आधार हाच आहे. जाहिरात दिसू नये, ही निव्वळ सोयीची मागणी झाली. आपल्या नकळत आपली मिरवणूक काढली जाऊ नये, ही मात्र हक्काची मागणी होय.

८. समारोप

प्रकाशकांचे शेवटचे उत्तर अद्याप सांगावयाचे राहिले आहे. उंबरठ्यावर जाहिरातीला अटकाव होत असेल, तर तिला घरातच वसवायचे, हे ते उत्तर. प्रायोजित लेख, कंपनीच्या सहकार्याने सिद्ध केलेली पुरवणी, लेखातच विणलेली शिफारस, ही त्याची रूपे. त्यांना वेगळा पत्ता नसतो, वेगळी चौकट नसते. पत्ते आणि नावे ओळखणारे यंत्र येथे हतबल होते.

या प्रकाराचा एक धडा मराठीने महाजालाबाहेर, छापील पानावरच घेतला आहे. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीच्या वेळी निरनिराळ्या मराठी वृत्तपत्रांत एकाच नेत्याची स्तुती करणारा शब्दशः सारखा मजकूर बातमी म्हणून छापून आला. पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’तून तो उघडकीस आणला, आणि भारतीय वृत्तपत्र परिषदेला २०१० मध्ये ‘पेड न्यूज’वर अहवाल द्यावा लागला. तो मजकूर पकडला गेला कसा? एकाशेजारी एक पाने ठेवून, संहिता ताडून. पाठभेद शोधणारा अभ्यासक जे नित्य करतो, तेच येथे झाले. फरक इतकाच की येथे पाठभेद नसणे हाच पुरावा ठरला.

यावरून दोन निष्कर्ष संभवतात. एक, अवरोधक वाचकाच्या अधिकाराचे साधन आहे, परंतु तो वाचकाच्या विवेकाची जागा घेऊ शकत नाही. पाळत रोखावी ती यंत्राने. मजकुरात मिसळलेली जाहिरात ओळखण्याचे काम मात्र वाचनानेच होईल, आणि ते शिकवणे ही साहित्याच्या विभागांची जबाबदारी आहे. दोन, अधिकाराबरोबर ऋणही येते. पान जुळवण्याचा हक्क आपण मागतो, तेव्हा ते पान निघावे याची काळजीही आपल्यावर येते. मोठ्या भाषेतले एक पान बंद पडले तर दुसरी दहा असतात. मराठी वाङ्मयीन पानांची गणती तितकी उदार नाही.

त्या नियतकालिकाच्या बाबतीत प्रस्तुत लेखकाने शेवटी तीन गोष्टी केल्या. तो ढोबळ नियम काढून टाकला, त्या संकेतस्थळापुरता अवरोधक बंद ठेवला, आणि वर्गणी पाठवली. कवीच्या हस्ताक्षरातील पाने आता दिसतात. त्यांच्या शेजारी एका सराफी पेढीची लहानशी जाहिरातही दिसते. ती दिसते आहे, आणि ती जाहिरात आहे हे स्पष्ट कळते आहे, तोवर तिच्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही.